आत्याला फेफरं कुणी दिलं?

ता. ६ जानेवारी

चि. भिंगरीस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. एक हात आशीर्वादासाठी वर केला आहे, दुसरा कुणाचा तरी कान पिळायला मोकळा ठेवला आहे. कुणाचा, ते तुलाच शोधून काढायचं आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन लावला की तुझा बाप माझ्या खांद्यापाशी येऊन उभा राहतो. पाणीखात्यातून निवृत्त झाला तरी लोकांच्या घरात डोकावून मीटर बघायची सवय काही जात नाही. शिवाय तुमचे फोन ऑफिसात कपाटात कोंडतात, आणि तू सुटतेस तेव्हा मी घोरत असते. पत्र बरं. त्यात मध्येच कुणाला तोंड घालता येत नाही.

तर ऐक. गेल्या महिन्यात टायरवाल्याकडे व्हॅनचं, आपल्या पिवळीचं, मागचं चाक बदलून घेत उभी होते, ती उभ्याउभ्याच आडवी झाले. पडले तीही जुन्या टायरांच्या ढिगावर, त्यामुळे खरचटलंसुद्धा नाही. टायरवाल्यानं पंक्चर शोधायच्या घमेल्यातलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. शुद्धीवर आले ती त्या पाण्याच्या वासानं. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे मी कुठे फुटलेली नाही, असं त्यानं निदान केलं. पुढच्या डॉक्टरपेक्षा ते झटपट होतं.

पण तुझ्या बापानं घर डोक्यावर घेतलं आणि मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगला आहे, फक्त माझ्याशी बोलताना तुझ्या बापाकडे बघतो. त्यानं रक्त तपासायला सांगितलं आणि डोक्यातल्या लहरींची तपासणी करायला सांगितली, तीही तुमच्याच लॅबच्या इथल्या शाखेत. तिथल्या मुलीनं केसांत चिकट लगदा लावून वायरी डकवल्या आणि डोळे मिटून, डोक्यात काहीही न आणता पडून राहा म्हणाली. त्यावर तुझा बाप दारातून बोलला की ते ताईला सहज जमेल. वायरींनी बांधलेली होते म्हणून वाचला. तपासण्या सगळ्या स्वच्छ आल्या. केस मात्र आठवडाभर खळीत घातल्यासारखे उभे होते.

आता खरी गोष्ट. नवं वर्ष लागलं की शाळा आम्हा व्हॅनवाल्यांकडून विमा कंपनीचा तब्येतीचा दाखला मागते. मी दरवर्षीसारखा न वाचता नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या हेडक्लार्कनं बोलावून घेतलं आणि टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत सांगितलं, की दाखल्यात मला फेफरं येतं असं लिहिलंय; ते निघत नाही तोवर माझ्या गाडीत मुलं बसवता येणार नाहीत. फेफरं! ना मी हातपाय झाडले, ना तोंडाला फेस आला. डॉक्टरला जाब विचारला तर तो म्हणतो, मी असं म्हटलेलंच नाही. त्याच्या कंपाउंडरचं म्हणणं, हे लॅबच्या बिलाबरोबर कंपनीकडे गेलं असणार. म्हणजे तुमच्याकडून.

पिवळी फाटकाशी उभी आहे. माझ्या गाडीतली मुलं दुसऱ्या एकाच्या व्हॅनमध्ये कोंबली आहेत, तो वळणावर दोन्ही हात सोडून शिंकतो. एक आई परवा रस्त्यात भेटली ती माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलली, जणू मला फेफऱ्याबरोबर बहिरेपणाही मिळालाय.

भिंगरे, मी थट्टेत लिहिते आहे, पण तू हे थट्टेवारी नेऊ नकोस. नवरा म्हणवणाऱ्या त्या गृहस्थाला सोडून निघाले तेव्हा मला गाडी चालवण्याखेरीज काही येत नव्हतं. पिवळीच्या जोरावर मी ताठ उभी राहिले. ती गेली तर घरात बसून बसून मी तुझ्या बापासारखी होईन, आणि असा एक आपल्या घराला पुरे आहे. तुमच्यात तो जो कोण गाढव आहे त्याला शोध आणि माझं नसलेलं दुखणं परत घ्यायला लाव.

लोभ आहे म्हणूनच कामाला जुंपते आहे.

तुझी,
फुकटच्या फेफऱ्याची धनीण,
आत्या

ता. १४ जानेवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार वि. वि. या वेळचा साष्टांग खरोखरचा आहे, टेबलाखाली शिरून घातलेला.

गाढव सापडला. गाढवीण आहे. मी.

आधी ओरडून घे, मग पुढचं वाच. मी काय काम करते ते तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस, ‘नंबर लावते’ म्हणून सगळ्यांना सांगत सुटतेस. ते खोटं नाही. डॉक्टरची चिठ्ठी आमच्याकडे येते. कुठली तपासणी केली, तिचा एक नंबर. का केली, त्या दुखण्याचा दुसरा नंबर. दोन्हींचं एकमेकांशी जमलं तर विमा कंपनी बिल पास करते. गुडघा दुखतो म्हणून थुंकी तपासली असा नंबर गेला, की कंपनी विचारते पेशंट गुडघ्यातून थुंकतो का. दिवसभर हेच चालतं. जगात दुखाव्यात अशा जेवढ्या जागा आहेत, तेवढ्या सगळ्यांना आमच्याकडे नंबर आहे.

तुझ्या डॉक्टरनं लिहिलं होतं, ‘चक्कर येऊन पडल्या. फेफरं तर नाही ना, हे बघावे.’ आमचा नियम पहिल्याच दिवशी शिकवतात: शंकेला नंबर नसतो. जे घडलं ते लिहायचं, जी भीती वाटली ती नाही. म्हणजे मी फक्त चक्कर लिहायला हवी होती. पण नुसत्या चक्करेवर लहरींची तपासणी कंपनी मान्य करत नाही, बिल उलटं येतं. आलं की आमच्या मोठ्या बाई सगळ्यांसमोर विचारतात की तुझीच बिलं परत का येतात. मग आम्ही सगळ्या चिठ्ठीतला सगळ्यात दणदणीत शब्द उचलतो आणि त्याचा नंबर लावून मोकळ्या होतो. बिल पास, पेशंटचं काय झालं ते बघायला कुणाला वेळ आहे? मीही बघितलं नव्हतं.

आणि ते बिल तुझं आहे हे मला कळलंच नाही, आत्या. आमच्या घरात कुणी कुणाला नावानं हाक मारतं का? मी भिंगरी, तू आत्या, बाबा तुझ्या तोंडी ‘अरे ए’. कागदावर तुझं भलंमोठं नाव, मध्ये त्या गृहस्थाचं नाव आणि शेवटी त्यांचंच आडनाव. तू ते अजून बदललं नाहीस हे मला काय ठाऊक! जन्मात न पाहिलेली कुणी बाई असेल असं वाटलं. जुन्या वळणाचं नाव बघून जरा दयाही आली. म्हटलं, बिचारीचं बिल तरी लवकर सुटू दे.

आता उपाय. तुझ्या डॉक्टरकडून दोन ओळींचं पत्र घे, की चक्करेखेरीज काही ठरलेलं नाही. ते घेऊन मी चूक कबूल करते. मोठ्या बाई सही करतील आणि कंपनीकडे दुरुस्ती जाईल. मला बहुतेक खालच्या मजल्यावर लघवी-शौचाच्या बिलांवर बसवतील. तिथल्या मुलींना आम्ही मागून काय म्हणतो ते इथं लिहीत नाही, उद्यापासून तू मला तेच म्हणशील.

चुकलं माझं. तुझ्या चाकात माझाच खिळा निघाला, याची फार लाज वाटते.

लोभ शिल्लक असेल तर असू दे, संपला असेल तर उसना दे.

तुझी,
भिंगरी

ता. २४ जानेवारी

चि. भिंगरी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो.

पत्र लिहिण्यास कारण की, ताईचे डॉक्टरचे पत्र तुझ्याकडे पोचले असेल. तू झालेली चूक दुरुस्त करणार, असे ती सगळ्या गल्लीत सांगत आहे. माझी तुला विनंती आहे की ती दुरुस्ती तूर्त करू नये.

कारण सांगतो. मागच्या आठवड्यात ताई दूध तापवत होती. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आले तरी ती समोर उभी. मी दोनदा हाक मारली. डोळे उघडे होते, पण ताई तिथे नव्हती. मग एकदम मान हलली आणि तिने मलाच दरडावले की दूध उतू जात असताना बघत काय बसलास. त्याआधी एकदा नळ सोडून तशीच उभी राहिली होती. पाणी किती वाया गेले हे मी मोजले नाही, यावरून मी किती घाबरलो असेन ते तुला कळेल.

तिला सांगायला गेलो तर ती म्हणाली की मी विचारात होते, आणि विचार करणे तुझ्या घराण्यात नसल्यामुळे तुला ओळखता आले नाही. घराणे एकच आहे, हेही मी तिला सांगू शकलो नाही. लहानपणापासून तिच्यापुढे बोलायची मला सवय नाही. तुझी आई गेल्यावर तिनेच आपल्याला सांभाळले. ती आता पुन्हा मुलांनी भरलेली गाडी घेऊन निघाली, तर मी घरात बसू शकणार नाही. तो चुकीचा नंबर तिला घरात ठेवतो आहे. असू दे तो तसाच. चूक तुझीच आहे, फक्त ती सुधारायची घाई करू नकोस.

मला दुसरी बहीण नाही.

हे पत्र तिला कळू देऊ नये. पोट ठीक नाही. प्रेम आहेच, त्यात खंड पडू देऊ नये.

तुझा,
बाबा

ता. २ फेब्रुवारी

ती. बाबांस,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हापासून दुरुस्तीचा कागद माझ्या खणात पडून आहे. रोज काढते, बघते आणि परत ठेवते. शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीला वाटतंय की मला कुणाचं तरी प्रेमपत्र आलंय. असतं तर बरं झालं असतं.

खरं सांगते, मोह झाला. काहीच न करता सगळं निभावतंय, यासारखं सुख नाही. मी खालच्या मजल्यावर जाणार नाही, तुम्हाला आत्यासमोर तोंड उघडावं लागणार नाही आणि ती घरात राहील. आपण दोघं एकाच माळेचे मणी आहोत, बाबा. धीर नसला की कागद पुढे करतो.

पण त्या नंबरानं आत्या बरी होणार आहे का? महिनाभर ती त्या कागदाशी भांडते आहे. फेफरं खोटं, हे सिद्ध करण्यात ती इतकी गुंतलीय की आपल्याला काही होतंय का, हा विचार तिच्या मनाला शिवलेला नाही. मी खोटं लिहिलं, म्हणून ती सगळंच खोटं धरून चालली आहे. तो खोटा शब्द मध्ये आहे तोवर दूध उतू गेलं काय आणि नळ वाहिला काय, ती त्याकडे बघणार नाही. भांडायला काही उरलं नाही, तर कदाचित बघेल. कदाचित बघणारही नाही.

म्हणून कागद आज दिला. मोठ्या बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, सही केली आणि खालच्या मजल्याकडे बोट केलं. आता तुमची पाळी. दुधाचं तुम्ही तिच्या तोंडावर सांगा. ती ओरडेल. ओरडू दे, तिच्या ओरडण्यानं अजून कुणी मेलेलं नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगणार, आणि कुणाकडून कळलं तेही सांगणार.

रागावलात तरी लोभ कमी करू नका, पोटाला ओवा घ्या.

तुमची,
भिंगरी

ता. १६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद देते आहे, पण मोजून.

दुरुस्ती आली. दाखला कोरा झाला. हेडक्लार्कनं पेपरवेट सोडून माझ्याकडे पाहिलं आणि सोमवारपासून गाडी आणा म्हणून सांगितलं. मी पिवळी धुतली, हवा भरली, आरसे पुसले. हे सगळं तुझ्यामुळे झालं म्हणून तुला पेढे वाटले असते, पण तुझ्यामुळेच ते करावं लागलं म्हणून वाटले नाहीत.

काल तुझ्या बापानं जेवताना घसा खाकरला. मला वाटलं घास अडकला, म्हणून पाठीत एक दणका घातला. तर अडकलेलं होतं ते दूध. सगळं ओकला. मी म्हणे दगडासारखी उभी राहते, डोळे उघडे ठेवून. आणि हे त्यानं तुला आधीच लिहिलं, आणि तू ते पोटात ठेवून माझी दुरुस्ती अडवून बसलीस! घरचाच भेदी निघाला तर पोलिसात तरी कुणाची तक्रार द्यायची?

माझं म्हणणं ऐकून ठेव. या वयाच्या बाईला उभं राहून विचार करायची परवानगी आहे. मी काय काय विचार करते हे तुझ्या बापाला कळलं तर तो नळाखाली बसून रडेल. पहिल्यांदा कागदानं मला आजारी केलं, आता तुम्ही दोघं करणार. मला काहीही झालेलं नाही. सोमवारी मी गाडी काढणार आहे आणि तुम्हाला काळजीच करायची हौस असेल तर त्या शिंकणाऱ्याची करा.

खालच्या मजल्यावर नाक दाबून बस. माझा लोभ सध्या रजेवर आहे.

आत्या

ता. १९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. रजेवरच्या लोभाला अर्ज करते आहे.

खालचा मजला वाईट नाही. इथल्या मुली वरच्यांपेक्षा जास्त हसतात. लोकांच्या पोटातलं एवढं कळल्यावर माणूस कुणापुढे उगाच वाकत नाही.

मला तुझ्याशी भांडायचं नाही. एकच सांगायचंय. मला तुझी भीती वाटत नाही, तुझ्यासाठी भीती वाटते. शाळेत मला पहिल्या दिवशी तूच सोडलंस, मी रडत होते तेव्हा फाटकाबाहेर पिवळी उभी करून सुटेपर्यंत तू बसून राहिलीस. तसं मला आता तुझ्या फाटकाबाहेर बसून राहावंसं वाटतंय, पण मला गाडी येत नाही. एकदा डॉक्टरकडे जा. दुधाचं आणि नळाचं तूच सांग, तुझ्या भाषेत, शिव्यांसकट. पुढची तपासणी झाली तर तिचं बिल मी उघडणार नाही. घरच्या माणसाचं बिल घरच्यानं बघायचं नसतं, हाही नियम आहे आणि तोही मी मोडून बसले होते. चष्मेवालीला आत्ताच सांगून ठेवलंय. काय निघालं ते तू मला लिहिशील तेव्हाच कळेल.

ओरड, पण जा.

लोभ रजेवरून लवकर परतावा, जागा रिकामी आहे.

तुझी,
भिंगरी

ता. १२ मार्च

चि. भिंगरीस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, वाचलं, आणि तुझं काही ऐकायचं नाही असं ठरवून मी सोमवारी पिवळी काढली. पहिला थांबा कोपऱ्यावरच्या बिल्डिंगीचा. मुलं धावत आली. मी सरकतं दार उघडून माझ्या जागेवर येऊन बसले. पुढच्या दोन दातांची फट असलेली धाकटी पायरीवर पाय ठेवत होती. एवढं मला आठवतंय.

नंतर मला आठवतं ते एकदम सगळं भरलेलं. मुलं आपापल्या जागी, दार लागलेलं आणि इंजिनखेरीज कशाचाच आवाज नाही. मी वळून पाहिलं. एकाचं बोट नाकात, तसंच. एक बुटाची नाडी धरून वाकलेला, तसाच. धाकटीची जीभ फटीतून बाहेर, तशीच. माझं जग बंद पडलंय असं मला वाटलं. मी काय झालं म्हणून विचारलं आणि सगळी एकदम खिदळायला लागली. मी आधी हलले, म्हणून मी हरले होते. मी किल्लीवर हात ठेवून समोर बघत पुतळ्यासारखी बसलेली दिसले, तर त्यांना वाटलं आज आत्याबाई स्टॅच्यू खेळताहेत. म्हणून तीही बिचारी माझ्याबरोबर पुतळे होऊन बसली होती. किती वेळ, ते त्यांना विचारायचा मला धीर झाला नाही.

इंजिन चालू होतं. हँडब्रेक ओढलेला होता, तो सवयीनं, माझ्या शहाणपणानं नाही. पुढे तो शाळेकडचा उतार तुला ठाऊक आहे.

मी हसले त्यांच्याबरोबर. किल्ली काढली, खाली उतरले आणि दार धरून उभी राहिले. मग तुझ्या बापाला फोन लावला. तो घरातल्या चपला घालून धावत आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही विचारलं नाही, मीटर बघितलं नाही. मी किल्ली पुढे केली आणि त्यानं घेतली. खात्याची जीप चालवायचा म्हणून त्याचा परवाना आहेच. मी शेजारी बसले. मुलांना शाळेत पोचवलं, म्हणजे पोचवलं म्हणायचं. दुसऱ्या गिअरच्या पुढे तो गेला नाही. पायी चाललेली मुलं आम्हाला हात करून पुढे जात होती.

शाळेतून तसेच डॉक्टरकडे गेलो. दूध, नळ, पुतळा, सगळं मी सांगितलं. त्यानं या वेळी लांबलचक तपासणी लावली. दिवसभर वायरी, झोप म्हणून झोपवलं, ऊठ म्हणून उठवलं, डोळ्यांवर लुकलुकता दिवा मारला. आणि निघालं काय? फेफरंच. हातपाय न झाडणारं, तोंडाला फेस न आणणारं, मुकाट्याचं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला मुकं फेफरं, देवाला विनोद कळतो. तुझा नंबर बरोबर निघाला, गाढवीणे. पण फुगू नकोस. अंधारात दगड मारलास आणि तो लागला, म्हणून तुला नेम आहे असं होत नाही. आता ते ठरलंय, आता लिहा. चष्मेवालीला सांग, लावायचा तो नंबर आता बेलाशक लाव.

तू ते खोडलंस म्हणून मी आधी तुझ्यावर खूश होते, मग बापाचं ऐकून खोडलं नसतंस तर बरं, असं एक रात्र वाटलं. मग कळलं, ते तसंच राहिलं असतं तर मी अजून हेडक्लार्कच्या दारात भांडत बसले असते आणि गोळी कुणी दिली असती तर खिडकीतून फेकली असती. कागद खोटा, म्हणजे मी खरी, असं मला वाटायचं.

गोळ्या सुरू आहेत. त्यांनी झोप येते आणि स्वभाव गोड होतो, असं तुझा बाप म्हणतो. त्याचा अनुभव अजून झोपेपुरताच आहे. पुढे कधी गाडी चालवता येईल का, हे डॉक्टर तुझ्या बापाकडे बघून सांगायला लागला. मी त्याला माझ्याकडे बघायला लावलं आणि सांगितलं, की माझं पुढचं पुढे बघू, पण मुलांची गाडी मी आता कधीच चालवणार नाही. हे त्यानं सांगितलेलं नाही, मी सांगितलंय. भिंगरे, हे बोलताना भीती वाटली मला, आणि वाईट वाटलं, आणि अजून वाटतंय.

पिवळी आता तुझा बाप चालवतो. शाळेनं त्याचाही दाखला मागितला. तो कोरा आला, तेव्हापासून त्यानं तो चौकट करून भिंतीवर लावायचं तेवढं बाकी ठेवलंय. मुलं त्याला गोगलगाय म्हणतात. पहिले काही दिवस त्याचा हॉर्न म्हणजे कुणाची तरी माफी मागितल्यासारखा. माझा वेगळा होता, दोन आखूड आणि एक लांब. इतकी वर्षं त्या हॉर्नवर त्या बिल्डिंगीतली मुलं जिने उतरत आली आहेत.

आज सकाळी मी खिडकीत बसले होते. कोपऱ्यावरून आवाज आला, दोन आखूड, एक लांब. अगदी माझा. त्यानं मला न सांगता कुठेतरी शिकून घेतला होता. मी रडले. खोटं कशाला लिहू, नाक गळेपर्यंत रडले. मग पिवळी आपल्या दारावरून जायला लागली, पहिल्या गिअरमध्ये विव्हळत, तेव्हा खिडकी उघडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मी ओरडले की गिअर बदल. त्यानं बदलला. मुलांनी खिडक्यांतून मला हात केले आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. गोळीची वेळ झाली होती. उठले आणि घेतली.

लोभ कामावर हजर झालाय. आता घरीच असतो, केव्हाही ये.

तुझी,
आत्या